जुन्या स्लॅबची खडी डांबरात का घालत नाहीत?

मागच्या उन्हाळ्यात बेळगावच्या शहापुरात मामाचं जुनं घर पाडायला काढलं. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, जांभ्या दगडाच्या भिंती आणि वर कौलं, आणि मागं नंतर वाढवलेल्या दोन खोल्या, त्यांच्यावर स्लॅब. जेसीबीला ब्रेकर लावून दोन दिवसात सगळं सपाट. सळ्या भंगारवाल्यानं त्याच दिवशी संध्याकाळी किलोवर मोजून नेल्या, सागवानी चौकटी कुणीतरी आधीच सांगून ठेवलेल्या, कौलं पण गेली, उरला तो नुसता ढिगारा. टिप्परवाला म्हणाला सात फेऱ्या तरी होतील, आणि टाकायचं कुठं ते तुम्हीच सांगा. मामा माझ्याकडं बघून म्हणाला, "तू रस्त्याच्या कामावर आहेस न्हवं, मग हे घेऊन जा की. तिकडं क्रशरवाले डोंगर फोडूलालेत आणि इथं आम्ही खडी टाकायला जागा हुडकूलालोय."

मी हॉटमिक्स प्लांटच्या लॅबमध्ये असतो, म्हणजे डांबराचा माल तपासायचा, दिवसभर चाळण्या आणि वजनकाटा. तरी त्यावेळी मामाला नीट उत्तर देता आलं नाही, "तसं चालत नाही मामा" एवढंच म्हणालो, आणि ते उत्तर अर्धवट होतं. चालतं पण, नाही पण, कुठं घालताय त्यावर आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, डांबरी रस्त्यात डांबर किती असतं? बहुतेक लोकांना वाटतं निम्मं तरी असेल. १०० किलो माल घेतला तर डांबर साधारण ५ ते साडेपाच किलो, बाकी सगळा दगड, म्हणजे २० एमएम, १० एमएम, चुरी आणि अगदी पिठासारखं फिलर. डांबराचं काम फक्त प्रत्येक खड्याला केसापेक्षा पातळ थर देऊन त्यांना एकमेकांना धरून ठेवायचं. भडंग करताना बघा, पातेल्यात तेल मसाला थोडाच असतो पण प्रत्येक चुरमुऱ्याला लागायला पाहिजे. आता तेवढ्याच तेलात नुसते शेंगदाणे परता, तेल वर चकाकतं. चुरमुरे टाका, तेल कुठं गेलं कळत नाही, पिऊन टाकतात. आपल्या भागातली काळी खडी म्हणजे शेंगदाणा आणि जुन्या स्लॅबची खडी म्हणजे चुरमुरा, निम्मा विषय इथंच संपला.

हे नुसतं बोलून मामाला पटणार नव्हतं म्हणून ढिगाऱ्यातून स्लॅबचे पाच-सहा तुकडे उचलले, क्रशरच्या खडीचे तेवढेच घेतले, मामीच्या किचनमधल्या काट्यावर दोन्ही बरोबर ५०० ग्राम केले (कडक उन्हात दोन दिवस वाळवून, लॅबमध्ये ओव्हन असतो, इथं गच्ची) आणि दोन वेगळ्या बादल्यांत बुडवून ठेवले. क्रशरची खडी गप्प बसली. स्लॅबच्या तुकड्यांतनं बुडबुडे यायला लागले, बारीक बारीक, सोड्याच्या बाटलीसारखे, आणि ते बराच वेळ थांबेनात. मामी म्हणाली, "अगंबाई, ह्यात जीव आहे की काय?" चोवीस तासांनी काढून फडक्यानं वरचं पाणी पुसून वजन केलं तर खडी ५०४ आणि स्लॅब ५३०. म्हणजे एकानं ०.८ टक्के पाणी पिलं आणि दुसऱ्यानं ६ टक्के. लॅबमध्ये हीच टेस्ट वॉटर अॅब्सॉर्प्शन म्हणून करतात, आणि रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये (साइटवर सगळे त्याला मॉर्थ म्हणतात) डांबराच्या वरच्या थराच्या खडीला जास्तीत जास्त २ टक्के लिमिट आहे. किचनच्या काट्यात एखाद-दुसरा ग्राम इकडं तिकडं धरा, पण २ आणि ६ मध्ये तेवढ्यानं फरक पडत नाही.

हे पाणी जातं कुठं ते तुकडा हातात धरून बघितलं की कळतं. स्लॅबमधला मूळ दगड तोच आहे, काळा बसाल्ट, त्याला पन्नास वर्षांत काहीच झालेलं नाही. पण त्याच्या भोवती जुना सिमेंट-वाळूचा मॉर्टर चिकटलेला असतो, राखाडी, नखानं घासलं तर पावडर निघते. काँक्रीट कालवताना सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्त पाणी घालतात कारण नाहीतर ते पसरत नाही (आणि आपल्याकडं गौंडी लोक सढळ हातानं घालतात हे वेगळं सांगायला नको), ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि जाताना बारीक बारीक भोकं ठेवून जातं. तो सगळा मॉर्टर म्हणजे स्पंज. क्रशरमध्ये स्लॅब फोडला तर क्रशरला काय माहीत दगड कुठं संपला आणि मॉर्टर कुठं सुरू झाला, तो कुठनंही फोडतो, त्यामुळं प्रत्येक खड्याला थोडाफार मॉर्टर राहतोच. आणि जेवढा माल बारीक तेवढं मॉर्टरचं प्रमाण जास्त, चुरीत तर बहुतेक सगळा मॉर्टरच उतरलेला असतो. म्हणून ज्यांनी ज्यांनी हे वापरून बघितलंय ते साधारण मोठ्या साइजची खडीच घेतात, ४.७५ एमएमच्या चाळणीवर राहणारी, खालची चुरी डांबराच्या मालात घ्यायच्या भानगडीत पडत नाहीत.

आता पाणी पिणारा दगड डांबर पण पितो, पाण्याएवढं नाही पण बऱ्यापैकी. आणि जे डांबर खड्याच्या पोटात गेलं ते खडे चिकटवायच्या कामाचं नाही. मग डांबर वाढवावं लागतं. इथं जरा हिशेब करून बघा, मला स्वतःला हा हिशेब करेपर्यंत वाटायचं की फुकटची खडी म्हणजे फायदाच. एक किलोमीटर रस्ता, ७ मीटर रुंद, वरचा ४० एमएमचा थर, म्हणजे २८० घनमीटर, म्हणजे साधारण ६६० टन माल. त्यात ३० टक्के खडी स्लॅबची घातली तर नवीन खडी वाचली १९० टन. टनाला ६०० रुपये धरा, १ लाख १४ हजार वाचले. आता डांबर नुसतं अर्धा टक्का वाढलं असं धरा, ६६० टनाला ३.३ टन जादा डांबर, टनाला ५० हजार धरलं तर १ लाख ६५ हजार. म्हणजे ढिगारा फुकट मिळाला, फोडायचा खर्च शून्य धरला, वाहतूक शून्य धरली, तरी ५० हजार खिशातनं गेले. भाव मी समजायला सोपे म्हणून धरलेत, तुमच्या भागातले घालून परत करून बघा, पण डांबर आणि खडीच्या भावात एवढं अंतर आहे की गणिताची दिशा लवकर बदलत नाही. काँट्रॅक्टर याला हात का लावत नाही याचं उत्तर बरंचसं इथंच आहे, दरवेळी आडमुठेपणाच असतो असं नाही.

दुसरा प्रश्न ताकदीचा. लॅबमध्ये एक इम्पॅक्ट टेस्ट असते, छोट्या लोखंडी कपात खडी भरायची आणि १४ किलोच्या आसपासचा हातोडा ३८० एमएम उंचीवरनं पंधरा वेळा सोडायचा, मग बारीक चाळणीतनं किती भुगा पडला ते मोजायचं. वरच्या थराला २४ टक्क्यांपेक्षा जास्त भुगा चालत नाही. चांगला बसाल्ट आरामात बसतो, स्लॅबची खडी काठावर किंवा बाहेर, कारण पहिल्या दोन-चार ठोक्यांतच मॉर्टर सुटतो. आणि हे फक्त लॅबमध्ये होत नाही, रस्त्यावर व्हायब्रेटरी रोलर फिरतो तेव्हा तेच होतं. खड्याचा एक कोपरा तुटला की आतला कोरडा भाग उघडा पडतो, त्याला डांबराचा थर लागलेलाच नसतो. वरनं दिसायला रस्ता काळा कुळकुळीत, आत हजारो ठिकाणी उघडे तोंड.

आणि मग पाऊस येतो. आपल्याकडचा पाऊस. कणकुंबी, जांबोटी बाजूला गेलेल्याला सांगायला नको, खानापूर सोडून घाटाकडं निघालं की जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा असा दिसतच नाही. दगडाला मुळात डांबरापेक्षा पाणी जास्त आवडतं, जरा फट मिळाली की पाणी दगड आणि डांबराच्या मध्ये घुसतं आणि डांबर सालीसारखं सुटायला लागतं, याला स्ट्रिपिंग म्हणतात. खड्डा पडायच्या आधी रस्त्यावर सुटी खडी दिसायला लागते ना, टू-व्हीलर जिथं घसरते, तो प्रकार बऱ्याचदा इथनं सुरू झालेला असतो.

इथं एक गंमत आहे, आणि ती मला आवडते. सगळे दगड पाण्याला सारखे बळी पडत नाहीत. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, निपाणीकडं काळा बसाल्ट आहे, दख्खनच्या बसाल्टची दक्षिणेकडची कड इथंच येऊन संपते, आणि गोकाककडं गेलात तर धबधब्याचा तो कडा बघितलाच असेल, तो क्वार्टझाइट. क्वार्टझाइटमध्ये सिलिका जास्त, तो अॅसिडिक स्वभावाचा, त्याच्यावर डांबर जास्त रुसतं. बसाल्टवर बरं बसतं. आणि सिमेंटचा मॉर्टर तर अल्कलाइन, म्हणजे केमिस्ट्रीच्या हिशेबानं डांबराची आणि त्याची चांगली जमायला पाहिजे! क्वार्टझाइटला स्ट्रिपिंग होऊ नये म्हणून फिलरमध्ये एक-दोन टक्के चुना घालतात तो पण याच कारणानं. म्हणजे जुन्या काँक्रीटची अडचण स्वभावाची नाही, अंगाची आहे. भोकं, धूळ आणि कच्चा मॉर्टर. म्हणूनच वेगवेगळ्या ठिकाणच्या टेस्टचे रिझल्ट एकसारखे येत नाहीत, कुणाचा माल पाण्यात चांगला टिकतो, कुणाचा विस्कटतो, कारण प्रत्येकाचा ढिगारा वेगळा.

मग यावर उपाय काय करतात. सगळ्यात सोपा म्हणजे थोडंच घाला, बाकीची खडी चांगली घ्या. दुसरा, स्लॅबची खडी आधीच कशात तरी बुडवून भोकं बुजवून घ्यायची, कुणी बिटुमेन इमल्शन (पाण्यात कालवलेलं पातळ डांबर) वापरतं, कुणी पातळ सिमेंट स्लरी. तिसरा, माल तयार झाल्यावर लगेच न वापरता गरम जागी चार-एक तास ठेवायचा, म्हणजे जे डांबर पिऊन घ्यायचंय ते खडी आधीच पिऊन घेते आणि नंतर रस्त्यावर कोरडी पडत नाही. अलीकडं कार्बन डायऑक्साइडचा पण प्रयोग करतात, तो गॅस जुन्या मॉर्टरमध्ये सोडला की तिथल्या चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि भोकं आतनं भरतात, डोक्यालिटी आहे पण आपल्या क्रशरवर ते कधी येणार देव जाणे. आणि काहीही करा, शेवटी टेस्ट पास व्हायला पाहिजे. मार्शलची गोळी (डांबराचा माल साच्यात ठोकून केलेला गोल नमुना) करायची, दोन्ही बाजूंनी ७५-७५ ठोके, ६० डिग्रीच्या पाण्यात अर्धा तास ठेवून दाबायची, ताकद ९ किलोन्यूटनच्या वर पाहिजे. ही स्लॅबची खडी घालून बऱ्याचदा पास पण होते, म्हणून लोक फसतात. खरी परीक्षा दुसरी, काही गोळ्या कोरड्या फोडायच्या आणि काही पाण्यात मुरवून फोडायच्या, मुरवलेल्यांची ताकद कोरड्यांच्या ८० टक्के तरी राहिली पाहिजे. खानापूर बाजूच्या कामाला मी तर आधी हीच टेस्ट बघीन.

हां, प्लांटवरची एक अडचण राहिली. आपल्याकडं पहिले पाऊस झाले की उघड्यावरचा ढीग भिजतो. बसाल्ट वरनं ओला होतो, ड्रायर ड्रममधनं गेला की सुकतो. स्लॅबची खडी आतपर्यंत भिजलेली असते, ती १५०-१६० डिग्रीपर्यंत न्यायला बर्नर जास्त वेळ जाळावा लागतो, आणि जर आत पाणी राहिलं तर डांबर पडल्यावर वाफ होऊन फेस येतो. त्यामुळं ढिगावर शेड पाहिजे, म्हणजे अजून खर्च.

एवढं सगळं वाचून वाटेल की मामाचा ढिगारा कामाचाच नाही. तसं नाही. रस्ता म्हणजे फक्त वरचा काळा थर नव्हे, त्याच्या खाली दोन-तीन थर असतात जे आपल्याला कधी दिसत नाहीत. त्याच एक किलोमीटर, ७ मीटरच्या रस्त्याला सगळ्यात खाली २०० एमएम जीएसबी (ग्रॅन्युलर सब-बेस, मातीवरचा पहिला खडीचा थर) धरली तर १४०० घनमीटर, दाबून तीन हजार टन तरी माल. वरच्या थरात १९० टन बसवायला एवढी कसरत, आणि खाली तीन हजार टनाची जागा रिकामी, तिथं डांबरच नाही तर पिणार काय? खालच्या थरांना ताकदीचे नियम पण सैल आहेत, डब्ल्यूएमएमला (वेट मिक्स मॅकॅडम, जीएसबीच्या वरचा ओल्या खडीचा थर) इम्पॅक्ट ३० टक्क्यांपर्यंत चालतो, पाणी २ टक्क्यांच्या वर पिलं तर सरळ बाद न करता साउंडनेसची, म्हणजे दगड हवापाण्यात किती टिकतो त्याची, वेगळी टेस्ट करायला सांगतात. वर अजून एक फायदा, जुन्या सिमेंटमधले काही कण इतक्या वर्षांनी पण न भिजलेले राहिलेले असतात, ते फुटून उघडे झाले आणि पाणी मारून रोलर फिरवला की परत थोडे धरतात, थर हळूहळू घट्ट होतो. जपानमध्ये पाडलेल्या काँक्रीटपैकी ९५ टक्क्यांच्या वर परत वापरतात असं वाचून लोक तोंडात बोटं घालतात, पण त्यातलं बहुतेक जातं कुठं? रस्त्याच्या खालच्या थरातच. फक्त तिथं ड्रेनेजकडं लक्ष ठेवावं लागतं, या खडीतनं पाण्याबरोबर चुना झिरपतो आणि पाइपच्या जाळीवर पांढरा थर धरून ती बुजवतो, गिझरच्या कॉइलवर धरतो तसा.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. पुस्तकात लिहितात "काँक्रीट", आपल्या ढिगाऱ्यात काँक्रीट कितीसं असतं? मामाच्या ढिगाऱ्यात अर्ध्याच्या वर जांभा, मातीचा गिलावा, विटा, मोरीच्या टाइल्स, आणि मागच्या खोलीत दोन-तीन वर्षांपूर्वी हौसेनं केलेलं पीओपीचं सीलिंग. हे पीओपी सगळ्यात वाईट, जिप्सम आहे ते, सिमेंट किंवा चुन्याबरोबर ओलं झालं की फुगतं, खालचा थर उचलून धरतं. जांभा चाकाखाली चिरडून लाल चिखल होतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आपल्या जिल्ह्यात एवढी घरं पडली, त्यातली किती तरी मातीच्या भिंतींची होती, त्यातनं खडी कसली काढणार. याउलट शहरातले काँक्रीटचे रस्ते बघा, बेळगाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आलं, मग गल्लोगल्ली काँक्रीट झालं, आणि आता कुणाला पाइप टाकायची आठवण झाली की तेच फोडतात. शिव्या घालायच्या तेवढ्या घालूया, पण त्यातनं निघणारे तुकडे मात्र एक नंबर माल आहे, ना वीट, ना माती, ना पीओपी, दगड पण सगळा एकाच क्वालिटीचा. ते वेगळे उचलून ठेवायला काही लागत नाही, फक्त टिप्पर वेगळा. तरी ते पण त्याच नाल्याच्या कडेला जाऊन पडतात जिथं सगळं पडतं.

नियम आहेत तसे. २०१६ मध्ये राडारोड्याचे वेगळे केंद्रीय नियम आले, त्यात दिवसाला २० टन किंवा एका प्रोजेक्टला महिन्याला ३०० टनांच्या वर निघत असेल तर काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, विटा वेगवेगळं करून द्यायचं असं होतं. सरकारी कामांत १० ते २० टक्के असा माल वापरावा असंही त्यात होतं. रस्त्यात हा माल कसा वापरायचा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं पुस्तक पण आहे, आयआरसी १२१, २०१७ सालचं. मामाच्या घराचे सात टिप्पर म्हणजे सत्तर-ऐंशी टन, त्या नियमांच्या महिन्याच्या हिशेबात तो मोठ्यात बसत नव्हता, दोन दिवसात पाडला म्हणून दिवसाच्या हिशेबात बसला असता तेवढंच. आणि शहरातला बराच ढिगारा असाच सात-सात टिप्परनं निघतो.

शेवटी मामानं काय केलं, तर तीन टिप्पर शेजारच्या एकाच्या जोत्यात भरायला गेले आणि बाकीचे येळ्ळूरच्या शेताकडच्या वाटेवर पसरले, न फोडता, न निवडता. मी म्हणालो होतो जांभा आणि स्लॅब निदान हातानं वेगळं करूया, पण टिप्परवाल्याला घाई. पावसाळा संपल्यावर दसऱ्याच्या सुमारास गेलो होतो. वाटेच्या सुरुवातीला, जिथं मागच्या खोल्यांचा स्लॅब पडला होता, तिथं ट्रॅक्टर खडखडत पण सरळ जात होता, तुकडे एकमेकांत घट्ट बसलेले, मधल्या फटीत पांढरट काहीतरी धरलेलं. पुढं पंचवीस-तीस पावलांवर जांभा सुरू झाला तिथं घोट्याएवढा लाल चिखल, आणि त्यात पीओपीच्या सीलिंगमधलं एक नक्षीचं फूल अर्धं बुडालेलं. मामानं काठीनं ते उपसून बाजूला फेकलं आणि म्हणाला, "पुढच्या टायमाला ते रस्त्याचे फोडलेले तुकडे मिळतात काय बघ की."